पूल तुकोबांचा, काठ वेगळा



सध्या वाचनात ज्ञानेश्वरीचा तिसरा अध्याय चालू आहे आणि आपण स्वधर्माच्या ओव्यांपाशी आलोय. लोकांचे देखणे वाडे दिसले म्हणून कुणी आपली गवताची झोपडी मोडतं का, असा माउलींचा साधा दृष्टांत. हिंजवडीच्या सिग्नलला कंपनीची बस अडकली की मी त्या दिवसाच्या ओव्या वाचतो, आणि उतरेपर्यंत चिंतन मनात तयार असतं. या वेळी तीन दिवस गेले, एक ओळ लिहून झाली नाही.

कारण घरचं आहे. माझा एक मावसभाऊ आहे, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आजोळी हरिपाठाला मी टाळ घ्यायचो, तो मृदंग वाजवायचा. हात असा की आजोबा म्हणता म्हणता थांबून नुसते ऐकत बसायचे. आळंदी ते पुणे आम्ही सहा वेळा बरोबर चाललो. दीड वर्षापूर्वी त्यानं बाप्तिस्मा घेतला. मावशीला ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तिनं बोलणं टाकलं. फॅमिली ग्रुपवर चार दिवस नको नको ते लिहिलं गेलं आणि मग तो ग्रुपमधून बाहेर पडला. त्या चार दिवसांत मी एक अक्षर लिहिलं नाही, ना त्याच्या बाजूनं ना विरुद्ध. स्वतःला समजूतदार समजत होतो, खरं म्हणजे घाबरलो होतो.

गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला. आईकडे माझा मृदंग पडलाय, तेवढा आणून देशील का, आमच्याकडे रविवारी भजन असतं, एवढंच. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, पांडुरंगापुढे वाजलेला मृदंग तिकडे जायचा नाही. मी त्याला उत्तरच दिलं नाही. निळ्या खुणा उमटल्या होत्या, म्हणजे मी वाचलंय हे त्याला दिसत होतं.

म्हणून आज ओवीच्या चिंतनाऐवजी एका माणसाची गोष्ट सांगतो. त्यांना तुम्ही ओळखता. शाळेत एक कविता होती, जखमी होऊनही पिलांकडे धडपडत परतणाऱ्या पक्षिणीची, 'केवढे हे क्रौर्य' नावाची. ती लिहिणारे नारायण वामन टिळक. लोकमान्य वेगळे, हे वेगळे. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं, आणि याच महाराष्ट्रानं एके काळी त्यांना दारातही उभं केलं नाही.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन घर. वडील कडक, आई जानकीबाई भाविक आणि गाण्याची आवड असलेली. आई लवकर गेली आणि पोरगा घर सोडून नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. इंग्रजी शाळेचं शिक्षण थोडंच झालं, पण पाठांतर अफाट आणि वाणी रसाळ. १८८० साली लग्न झालं, बायको जेमतेम अकरा-बारा वर्षांची. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका. सासरी तिचं नाव लक्ष्मी झालं. हे नाव लक्षात ठेवा, कारण ही गोष्ट निम्मी तिची आहे.

टिळक एका जागी टिकणारे नव्हते. आज इथे शिक्षक, उद्या तिथे कीर्तन-पुराण, परवा आणखी कुठे. घरात आलेला पैसा वाटेत भेटलेल्या गरजूच्या हातात जायचा आणि बायकोला चूल कशी पेटवायची हा प्रश्न पडायचा. अशा भटकंतीत ते नागपूरला पोहोचले. तिथे आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांचं काम केलं, 'ऋषी' नावाचं धर्मविषयक मासिक चालवलं. म्हणजे बघा, माणूस धर्माला कंटाळून बाहेर पडलेला नव्हता. तो धर्मातच बुडालेला होता. पण एक काटा सारखा टोचत होता, जातीचा. सगळ्यांना एका पंगतीला बसवील असा धर्म हवा, त्याशिवाय हा देश उभा राहणार नाही, असं त्यांना वाटू लागलं होतं. असा नवा धर्म आपणच काढावा, इथवर त्यांचं मन गेलं होतं.

आणि मग १८९३ चा तो प्रवास. नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरताना त्यानं टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांना ते हास्यास्पदच वाटलं असणार. पण पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं म्हणून वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. शत्रूवर प्रेम करा, हे वाचून त्यांना पुढे सरकता येईना. मंडळी, आपल्यालाही गाथेतला एखादा अभंग असा धरून ठेवतो. तसंच झालं. फक्त पुस्तक वेगळं होतं.

दोन वर्षं ते आतल्या आत झुंजत राहिले, पत्रव्यवहार करत राहिले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बायकोला विश्वासात न घेता.

इथे मी पुस्तक मिटून बसच्या खिडकीबाहेर बघत राहिलो. पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचाच. शाळेत कधी न गेलेल्या बाईनं इतकं निर्मळ मराठी लिहिलंय की आपल्यासारख्या शिकलेल्यांनी मान खाली घालावी. नवऱ्यानं धर्म बदलला ही बातमी आली तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या, पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्या काळचं सोवळं-ओवळं आपल्याला कल्पनेनंही कळणार नाही. वेड लागायची पाळी आली होती त्यांच्यावर. नातेवाइकांच्या आधारानं दिवस काढले, त्यातले कितीतरी पंढरपुरात. आपल्या पंढरपुरात, मंडळी. ज्या गावी आपण माहेर म्हणून जातो, तिथे ही बाई ना सासरची ना माहेरची अशी राहत होती.

टिळकांचं मोठेपण मला मान्य आहे, पण हा हिशोब मी सोडू शकत नाही. सत्य ज्याला सापडलं तो आनंदात होता आणि त्याची किंमत दुसरंच कुणी भरत होतं. माझा मावसभाऊ आणि मावशी मला या पानांतून सारखे दिसत राहिले.

पण टिळकांच्या खात्यावर एक मोठी जमाही आहे. त्यांनी बायकोला टाकलं नाही, दुसरं लग्न केलं नाही, आणि आपल्या धर्मात ओढायची घाईही केली नाही. पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, तर आधी वेगळं बिऱ्हाड, वेगळी चूल, वेगळं पाणी. त्यांचं सोवळं टिळकांनी चालू दिलं. मग स्वतः विचार करता करता एके दिवशी लक्ष्मीबाईंना वाटलं की जाती देवानं केल्या की माणसानं, आणि देवानं केल्या असत्या तर माणसं जन्मतःच वेगळी दिसली नसती का. त्या दिवशी त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. १९०० साली त्यांनी दत्तूसह बाप्तिस्मा घेतला, आपल्या पायांनी चालत जाऊन. त्याच दुष्काळात त्यांनी घरात अनाथ पोरं सांभाळली. दुष्काळातल्या पोराची जात कोण विचारणार?

आता गाण्यांकडे येतो, कारण माझा प्रश्न मृदंगाचा आहे.

टिळक चर्चमध्ये गेले तेव्हा मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी गाण्यांची भाषांतरं पुष्कळ होती, परक्या चालींत बसवलेली. मराठी शब्द आणि विलायती चाल, म्हणजे धोतरावर बूट. टिळकांनी तिथे अभंग आणला, ओवी आणली, पदं आणली, कीर्तन आणलं. टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी भजनं शेकड्यांनी लिहिली. त्यांत ख्रिस्ताला त्यांनी गुरू म्हणून, आई म्हणून हाक मारली. 'अभंगांजली' हे त्यांच्या एका संग्रहाचं नावच बघा. आजही महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये रविवारी त्यांची भजनं गातात. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं ते स्वतः सांगायचे. ते ज्ञानोबा-तुकोबांना टाकून गेले नाहीत, त्यांना बरोबर घेऊन गेले.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर बदलतो तेव्हा मायग्रेशन करतो. मशीन नवं असतं, पण डेटा जुनाच, एकही नोंद हरवायची नाही ही पहिली अट. डेटा मागे सोडला तर त्याला मायग्रेशन म्हणत नाहीत. टिळकांचं काय झालं हे मला या भाषेत लवकर कळतं. आईकडून ऐकलेली गाणी, लेलेशास्त्र्यांचं संस्कृत, कीर्तनाचा बाज, सगळं शाबूत पलीकडे गेलं.

सगळंच सोनं होतं असं मात्र म्हणणार नाही. मंडळीला रविवारी गायला हवं म्हणून लिहिलेल्या गाण्यांत काही नुसतीच उपदेशाची आहेत, यमक जुळलंय आणि जीव कमी आहे. फुलावर, मुलावर, पाखरावर लिहिताना त्यांची लेखणी जशी मोकळी होते तशी ती सगळीकडे होत नाही. अहमदनगरला धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवणं, १९०४ मध्ये मिळालेली पाळकपदाची दीक्षा, १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचं संपादन, घरी येणारी-जाणारी माणसं. यातून कविता हाताला लागायची तेवढी लागायची. आणि तरी १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात चमकलेल्या ठोंबरे नावाच्या कोवळ्या पोराला त्यांनी आपल्या घरी आणलं. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं. तो म्हणजे आपले बालकवी. ज्या घरचं पाणी एके काळी लोकांना चालत नव्हतं, त्या घरात मराठीतला इतका गोड कवी जेवला, रुसला, लिहिता झाला.

टिळकांचं एक महाकाव्यही होतं, 'ख्रिस्तायन'. नावातच रामायणाची आठवण. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत सांगायचा त्यांचा संकल्प होता. पण हातून सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाले आणि काम थांबलं.

कारण १९१७ मध्ये या माणसानं पुन्हा घर मोडलं. या वेळी मिशनचं. आपला चर्च परदेशी पैशावर आणि परदेशी पद्धतीवर उभा आहे, तो या मातीचा होत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. कल्पना अशी की ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही इथे यावा, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. झालं! आता ख्रिस्ती मंडळीतही चुळबुळ सुरू झाली. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य, हे कसं चालायचं? बावीस वर्षांपूर्वी ब्राह्मणांना जे वाटलं होतं ते आता काही ख्रिस्ती लोकांना वाटू लागलं, की हा आपला राहिला नाही.

दरबार पुरता उभा राहण्याआधीच तब्येतीनं साथ सोडली. ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले. वय सत्तावन्न. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचं दफन न करता दहन झालं आणि रक्षा अहमदनगरला नेली. जाताना तरी ते कोणत्या एका बाजूचे होते, सांगा बरं.

'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं ना? ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. नवऱ्याच्या दहा-अकरा अध्यायांपुढे तब्बल चौसष्ट अध्याय लिहिले त्यांनी, ओवीत. जिला न सांगता नवरा त्या वाटेला लागला होता, ती त्याच वाटेवर त्याच्या किती पुढे गेली! १९३६ मध्ये त्या गेल्या, आणि 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये प्रसिद्ध झालं. छापलेला ग्रंथ दोघांपैकी कुणीच पाहिला नाही.

आता परत आपल्या ओव्यांकडे. आपली झोपडी मोडू नये, हे माउलींचं सांगणं मला पटतं. मी माझी तुळशीची माळ काढणार नाही, वारी सोडणार नाही. माझी तहान इथेच भागते, मला दुसरीकडे जायचं कारण दिसत नाही. पण या ओव्या मी आजवर दुसऱ्याकडे बोट दाखवूनच वाचत होतो हे या आठवड्यात लक्षात आलं. माउली सांगताहेत ते अर्जुनाला, त्याच्या स्वतःच्या कर्तव्याबद्दल. शेजाऱ्याची झोपडी कुणी मोडली, कुठे बांधली, याचा पंचनामा करायला त्यांनी सांगितलेलं नाही.

आणि सांगणारा कोण आहे, तेही आठवलं. विठ्ठलपंत संन्यासातून परत संसारात आले म्हणून आळंदीनं ज्या घराला वाळीत टाकलं, त्या घरातलं हे लेकरू. आईवडिलांना देहत्याग करावा लागला, चार भावंडं शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत गेली. गावानं घर तोडलं म्हणजे काय होतं हे माउलींना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्यांचा ग्रंथ हातात धरून मी फॅमिली ग्रुपवर चार दिवस गप्प बसलो होतो.

काल रात्री भावाला फोन केला. दीड वर्षानं. आधी दोघांनाही काही सुचेना. मग त्यानंच विचारलं, आईचा गुडघा कसा आहे. मी म्हणालो, मृदंग मी आणून देणार नाही. तो गप्प झाला. मग पुढचं सांगितलं. तू ये, आईसमोर उभा राहा, तिच्या हातून माग. तुझं बरोबर की चूक हे मी ठरवत नाही, पण तिला तिसऱ्याकडून कळलं ही जखम तुझी तुलाच धुवावी लागेल. मी दारापर्यंत बरोबर येतो, हवं तर आतही. बराच वेळ पलीकडून आवाज नव्हता. मग म्हणाला, ये रविवारी, दुपारी, भजन झाल्यावर निघू.

मावशीलाही सांगून ठेवलंय. ती हो म्हणाली नाही. पण मृदंगावर गवसणी होती ती काढून तिनं धुवायला टाकलीय, असं मामीकडून कळलं. त्याचा अर्थ मी लावत बसणार नाही. कदाचित नुसती धूळ बसली असेल.

तुमच्याही घरात, मित्रांत कुणी असेल, जो माळ काढून गेला किंवा दुसरीकडून माळ घालून आला. त्याच्याशी वाद घालायचा असेल तर जरूर घाला, पण समोर बसून, चहा पिता पिता. आणि तुम्हीच जाणारे असाल तर घरच्यांना आधी सांगा. रडतील, भांडतील, तरी सांगा. लक्ष्मीबाईंची पाच वर्षं आठवा.

रविवारचं काय झालं ते जमलं तर लिहीन. उद्यापासून पुन्हा तिसरा अध्याय, जिथे थांबलो तिथून पुढे.

राम कृष्ण हरी.